चतुराचा बदाम

लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्या फोटोवाल्या काकांचा जीव रमायचा तो किड्यांत. स्टुडिओच्या भिंतीवर त्यांनी चतुराच्या जोडीचा हातभर मोठा फोटो लावला होता. मीलनाच्या वेळी दोघांच्या शरीरांचा हुबेहूब बदाम झाला होता.

"अय्या, किती गोड!" लग्नाचं बुकिंग करायला आलेली मुलगी म्हणाली. सोबत तिची आई आणि होणारा नवरा होता.

काकांना राहवलं नाही. "नीट बघ पोरी. त्याने शेपटीच्या चिमट्यात तिची मानगूट धरलीय. अंडी घालून होईपर्यंत सोडत नाही, दुसरा कुणी जवळ येऊ नये म्हणून."

"बघा, याला म्हणतात जीव लावणं!" नवरा मुलगा खूश होऊन म्हणाला. "मीसुद्धा हिला कुठे एकटीला जाऊ देत नाही."

मुलगी पुन्हा त्या फोटोजवळ जाऊन बघू लागली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, लग्न मोडलं होतं. काकांनी कपाळावर हात मारून घेतला. हंगामातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपल्याच जिभेने घालवलं!

आठवड्याने मुलीची आई एकटीच आली. काका माफी मागायला उठले.



"तो फोटो मला विकत द्या," ती म्हणाली. "आमच्या वेळी असं जवळून दाखवणारं कुणी नव्हतं."