आधी बाळंतपण

"गरोदर आहे? मग नाही घेता येणार," व्यसनमुक्ती केंद्राचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावले.

सासूने सुनेचा हात सोडला नाही. सून धुलाईच्या कारखान्यात ओल्या चादरींचे गठ्ठे उचलत असे. कंबर धरली तेव्हा मुकादमाने एक गोळी दिली. दुखणे गेले आणि गोळी राहिली. तिने ती सोडावी म्हणून सासूने जिवाचे रान केले होते. वाट अडवून उंबऱ्यात बसली होती, दाराला कुलूप घातले होते. आज सकाळी सून आपणहून म्हणाली होती, "आई, मला कुठंतरी दाखल करा. माझ्याच्यानं सुटत नाही." उद्याही ती असेच म्हणेल, याची शाश्वती नव्हती.

"आधी बाळंतपण होऊ द्या, मग आणा."

"प्रसूतिगृहवाले म्हणतात, आधी व्यसन सोडवा, मग नाव घालू."

बाहेर एका झिंगलेल्या गृहस्थाला दोन सेवक सावरून आत नेत होते. "या काका, पुन्हा आलात? तुमची खाट ठेवलीच आहे."

"ठीक आहे," सासू म्हणाली. "घरीच कोंडून ठेवते हिला. एक गोळी मिळू देत नाही."

डॉक्टर प्रथमच ताठ बसले. "तसं मुळीच करू नका. एकदम तोडलं तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. याच्यावर औषध आहे, गरोदरपणात चालणारं. हळूहळू त्यावर आणावं लागतं."

"मग द्या की."

"दाखल केल्याशिवाय देता येत नाही."

"आणि दाखल करायचं नाही."

"केंद्राचा नियम आहे, मावशी."

"नियम केलात तेव्हा बायकांना दिवस जातात, हे तुमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं का हो?"

सून खाली मान घालून पोटावरचा पदर सारखा करत राहिली.

"बंद करायचं नाही, औषध मिळायचं नाही," सासू म्हणाली. "मग बाळंत होईपर्यंत हिनं घ्यायचं तरी काय?"

डॉक्टरांनी दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "आजवर घेत होती, तेच."

सासू उठली. तिने सुनेला आधार देऊन उभे केले.

"चल. तो गोळ्यावाला कुठं बसतो, ते दाखव. आजपासून तुझ्या गोळ्या मी आणत जाईन."