सोळा तास

धाकटीने पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. आत आईचं कानाचं मशीन. सोबत बॅटऱ्यांची दोन न फोडलेली पाकिटं आणि मशीन झाडायचा चिमुकला ब्रश.

"किती नीट ठेवलंय," मशीन बसवणारी म्हणाली. तिने ते उजेडाकडे धरून पाहिलं आणि वायरने संगणकाला जोडलं. "आधी आईंची नोंद पुसते, मग काकांच्या कानाला जुळवते. त्यांच्या कानाच्या मापाचा नवा साचा तयारच आहे."

काका म्हणजे चर्चच्या मंडळीतले म्हातारे सुतार. टोपी मांडीवर ठेवून शेजारच्या खुर्चीत बसले होते. मशीन त्यांना द्यायचं धाकटीनेच ठरवलं होतं.

"पाळकांनी पिटाळलंय मला," सुतारकाका गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्याने म्हणाले. "उपासनेत मी भलत्याच ठिकाणी आमेन म्हणतो म्हणे. परवा ते सांगत होते, चर्चचं छप्पर गळतंय. मी म्हटलं, आमेन!"

मशीन बसवणारी खळखळून हसली. धाकटीही हसली, आई गेल्यापासूनच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"आईंसारखी माणसं कमीच," पडद्याकडे बघत मशीन बसवणारी म्हणाली. "लोक तासभर लावतात आणि टाकतात खणात. हे बघा, आईंचे रोजचे सोळा तास."

"सोळा?"

"म्हणजे उठल्यापासून झोपेपर्यंत."

"नाही हो. संध्याकाळी सातला काढून ठेवायची ती. बॅटरी वाचवायला. तीच सांगायची."

"सातला काढलं असतं तर तेराच्या वर गेलेच नसते, ताई. वर्षभराची नोंद आहे ही. मशीन कशाला खोटं सांगेल?"

धाकटीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने पर्सची चेन लावली, मग उगाच पुन्हा उघडली.

गेल्या हिवाळ्यात, रात्रीची भांडी विसळताना ती नवऱ्याला म्हणाली होती, "ही आहे तोवर माझ्या जिवाला विसावा नाही." मागे वळली तर आई दारात. हातात रिकामा पेला, डोक्याला कान झाकणारा रुमाल.

"काही म्हणालीस का गं?" आईने कानाकडे बोट केलं. "मशीन काढून ठेवलंय मी."

"काही नाही," धाकटी ओरडून म्हणाली होती. ओरडताना तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्यानंतर रोज सात वाजले की आई कानांवरून रुमाल बांधत म्हणायची, "चला, झाले मी बहिरी. आता बोला काय ते मोकळेपणी." सगळे हसायचे. सगळ्यात जास्त धाकटी. आईला पुरताना पाळकांनी तिला आईचा आधार म्हटलं, तेव्हाही मान खाली घालून ती मनात एकच घोकत होती. ऐकलं नाही तिने. ऐकलं नाही.

आई सकाळी मशीन लावायच्या आधी प्रार्थना करायची. पुटपुटतेय असं तिला वाटायचं. जायची साऱ्या घराला ऐकू. आधी उपकार, मग मागणं, हा क्रम कधी चुकला नाही. त्या रात्रीनंतरच्या सकाळीही नाही. "बापा, झोप लागली, तुझे उपकार. डोक्यावर छप्पर आहे, तुझे उपकार. धाकटीच्या हातचा चहा मिळतो, तुझे उपकार. फार दमते रे ती. तिला विसावा दे."

विसावा. तो शब्द धाकटीने तेव्हा अंथरुणातून ऐकला होता. आणि कूस बदलली होती.

"पुसू ना?" मशीन बसवणारीने विचारलं. "एकदा पुसलं की परत मिळत नाही हं."

धाकटीने आकडा पुन्हा एकदा पाहिला. मग होकारार्थी मान हलवली.

पडद्यावर शून्य आलं.

नव्या साच्यासकट मशीन काकांना बसवून झालं. "आता ताई, तुम्ही काकांच्या मागे जा. चार पावलं. आणि हळू आवाजात बोला, काहीही, घरी बोलतो तसं. काका, वळायचं नाही हं!"

धाकटी मागे जाऊन उभी राहिली. समोर काकांची सुरकुतलेली मान. ज्या कानामागे त्यांनी उभा जन्म पेन्सिल अडकवली, तिथे आता आईचं मशीन होतं.

आई गेल्यापासून तिने प्रार्थना केली नव्हती. कोणत्या तोंडाने करणार? पण बोलायला दुसरं काही सुचेना, आणि जे आलं ते आईच्याच क्रमाने आलं.

"बापा," ती म्हणाली, इतक्या हळू की ओठ जेमतेम हलले, "आई दिलीस, तुझे उपकार. तिने ऐकलं होतं. ऐकूनही उपकारांत माझं नाव घेतलं. मला क्षमा कर."

मशीन बसवणारीची बोटं कळफलकावर थांबली.

सुतारकाका वळले नाहीत. त्यांनी मांडीवरची टोपी दोन्ही हातांत धरली.

"आमेन," ते म्हणाले. अगदी हळू.