पडायची पाळी

नव्वदीला टेकलेल्या काशिवागी सेन्सेईंनी नुसतं मनगट वळवलं, की आमच्या आयकिदो शाळेतले धिप्पाड शिक्षकसुद्धा चटईवर आडवे होतात. भिंतीवर त्यांच्याच हातची ठसठशीत अक्षरं आहेत : समोरच्याला जपा.

काल पहिल्यांदाच माझी पाळी आली. त्यांनी माझं मनगट वळवलं आणि मी आपला उभाच. जोर असा जाणवलाच नाही. त्यांनी पुन्हा वळवलं. सगळे शिक्षक डोळे वटारून माझ्याकडे बघायला लागले. माझं काय चुकतंय, तेच मला कळेना.

मागून तोगाशी-सान, आमचे सगळ्यात जुने शिक्षक, दबक्या आवाजात म्हणाले, "अरे, पड की."

"पण ते पाडतायत कुठे?"

"आम्हाला तरी कुठे पाडतायत इतकी वर्षं? मुकाट्याने पड. त्यांना कळलं तर हाय खातील ते."

मी गोंधळून सेन्सेईंकडे पाहिलं. मनगट न सोडता ते आणखी जवळ आले आणि माझ्या कानाशी पुटपुटले,

"पड बाबा आता. मला सगळं माहीत आहे हे या पोरांना कळलं, तर हिरमुसतील बिचारी."