मान वर करायची नाही
या, जवळ सरका. गोल्फचा साधा सराव सांगते, गोष्टीसकट. आमचे हे गोल्फचे मास्तर. अंथरुणाला खिळले तरी शिकवणं सुटलं नाही. दिवाणखान्यात मी गालिच्यावर स्टीलचा पेला आडवा ठेवायचे, आतल्या खोलीतून ते बजावायचे, “अगं, चेंडू मारल्यावर मान वर करायची नाही. कानांनी ऐक!” टण्ण वाजलं की ओरडायचे, “गेला!” एकदा मी चिडले. “अहो, आजारपणात ‘गेला’ काय म्हणता? ‘आला’ म्हणा!” ते खोखो हसले. “बरं बाई, आला तर आला.” मग रोज ‘आला’च. एका सकाळी चेंडू मारला. टण्ण झालं. आतून आवाजच आला नाही. मी मान वर केली नाही. कितीतरी वेळ ऐकतच राहिले. देवाने हाक मारली, तेव्हाही ‘आलो’च म्हणाले असतील. तुमचा चेंडू पेल्यात पडला की ‘आला’ म्हणा आणि मास्तरांना आठवा.