जास्तीचे पाटे

आईला दवाखान्यातून आणायला व्हॅन दारात उभी होती, आणि तिचं मागचं अंग शेपूट उभारलेल्या मांजरासारखं वर आलं होतं. ताईने काखेतली उशी तशीच धरून विचारलं, "हे काय करून ठेवलंयस?"

"स्प्रिंगचे पाटे वाढवले," धाकटा म्हणाला. आवाजात अभिमान मावत नव्हता. "मागच्या दोन्ही चाकांवर एकेक जाडजूड पाटा. माती भरली की गाडी बसायची ना? आता दीडपट भर, हूं की चूं करणार नाही. तू आईपाशी होतीस. म्हटलं, आल्यावर दाखवू."

धाकट्याला सगळे खटपट्या म्हणत. दोघांची मिळून रोपवाटिका होती, आणि तिथली नीट चाललेली कुठलीही वस्तू त्याला बघवत नसे. मागे त्याने पंखा सुधारला. तेव्हापासून तो पंखा बाहेर वारा सुटला तरच फिरतो.

"आज आईला आणायचंय," ताई म्हणाली.

"मग? गाडी मजबूत झाली की!"

ताईने उशी आत टाकली. ती मागे चढली, अंथरलेल्या गादीवर आडवी झाली आणि म्हणाली, "कोपऱ्यापर्यंत ने."

कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवर ती वीतभर उडाली. खाली आली तेव्हा जीभ दातांत सापडली होती.

"थांब! थांब म्हणते ना!"

खुब्याचं ऑपरेशन होऊन आईचं हाड नुकतंच कुठे बसत होतं. घरी न्या, पण धक्का लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रुग्णवाहिकेचं नाव काढलं तेव्हा आई कडाडली होती, "भोंगा वाजवत गल्लीत यायला मी काय आग विझवायला निघालेय? घरची गाडी असताना?" मग ताईनेच शब्द दिला होता, घरच्याच गाडीने नेऊ, आपली गाडी मऊ आहे.

"रिकामी चालवून बघितली होतीस का?" तिने जीभ चाचपत विचारलं.

"रिकामी कशाला बघू? पाटे भारासाठी असतात. भरून बघितली. लोण्यासारखी चालली."

"आई काय मातीचं पोतं आहे?"

खटपट्याने मान खाली घातली आणि मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्रीचा आवाज ताईला मागेसुद्धा ऐकू आला. "काल बसवले आणि आज काढायचे? खेळ लावलाय का? संध्याकाळी आण, बघतो."

संध्याकाळपर्यंत थांबायची सोय नव्हती. दवाखान्याला दुपारच्या आत खाट रिकामी हवी होती.

"त्याचं असं आहे, ताई," खटपट्या हळूच म्हणाला, "पाटा वाकला की धक्का गिळतो. पण आता हा वाकायला वजन लागतं. आणि आई म्हणजे..."

आई म्हणजे काड्यांची मोळी. दवाखान्याने तर तिला आणखीच वाळवलं होतं.

ताई गादीवर उठून बसली. "मग घाल वजन."

"काय?"

"भरून लोण्यासारखी चालली म्हणालास ना? तेवढीच माती भर."

"अगं, कालच उतरवलीय सगळी! एकट्याने!"

"मग आज चढव. एकट्याने."

पण घराशी परतून भरायला लागल्यावर तिसऱ्या पोत्याला तो कंबर धरून उभा राहिला, तेव्हा ताईने बाह्या वर सारल्या आणि दुसरं टोक उचललं. हात चालू होते तशी जीभही चालूच होती. "लोक आपल्या माणसाला आणायला फुलं घेऊन जातात. आम्ही माती घेऊन चाललोय. आणि ही परत उतरवायची कुणी? तुझ्या मिस्त्रीने?"

खटपट्या घाम पुसत होता. त्याने पुढचं पोतं ओढलं.

गाडीचं मागचं अंग हळूहळू खाली आलं. पोती दोन्ही बाजूंना लावून दोरीने करकचून बांधली आणि मधे गादीपुरती जागा ठेवली.

दवाखान्यापाशी आईला आत निजवलं तेव्हा तिने पोत्यांकडे पाहिलं, पण बोलायला तिच्याकडे त्याहून महत्त्वाचं होतं. रात्रपाळीच्या नर्सने तिची उशी शेजारच्या खाटेवरच्या बाईला दिली होती. ती तक्रार दवाखान्याच्या दारातच सुरू झाली. दारापासून थोडं पुढे स्पीडब्रेकर होता. ताईने एक हात आईच्या गुडघ्याखाली सरकवला आणि श्वास रोखला. पुढे खटपट्याची मान खांद्यांत गेली होती.

गाडी मागून जराशी दबली, जराशी उठली आणि पलीकडे गेली. आईचं वाक्यसुद्धा तुटलं नाही.

उशीचं प्रकरण संपल्यावर आईने बाजूच्या पोत्यावर हात फिरवला. "ही माती कुणाकडे टाकायचीय?"

"कुणाकडेच नाही," खटपट्या पुढून म्हणाला.

"म्हणजे?"

"घरी परत न्यायचीय."

"घरचीच माती घेऊन गावभर फिरतोयस?" आईने डोळे मिटले. "लहानपणापासून एक काम धड जमेल तर शपथ. ताई, तू तरी सांगायचंस त्याला."

आरशात खटपट्याचे डोळे दिसत होते. सकाळपासून खाल्लेल्या बोलण्यांवर आता आणखी एक येणार म्हणून ते ताईकडे लागले होते.

ताईच्या बाह्यांवर माती होती. तिने ती झटकली नाही. पोत्याला पाठ टेकून ती म्हणाली, "सावकाश चाललाय ना तो? झोप तू."

पुढच्या स्पीडब्रेकरला आई झोपलेली होती.