वांग्याच्या वाफ्यावरचा सवाल

“उन्हाळ्यात वांग्याच्या वाफ्यावर काय अंथरशीन गा?” चंपतरावांनी विचारलं.

मिनलला पाहायला आलेल्या पियुषनं पोह्यांचा घास गिळला. नात्यातलाच, पण लांबचा. “संगमरवराचे पांढरे खडे, काका. शोभा येते.”

चंपतरावांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा पुसला की निकाल लागला, हे घराला ठाऊक होतं. हे तिसरं स्थळ. पहिल्यानं काळं प्लास्टिक सांगितलं होतं, दुसऱ्यानं लाकडाचा भुसा, तोही वीतभर.

“पोरगा चांगला होता,” जिजाबाई नंतर म्हणाल्या.

“नागपूरच्या मे महिन्यात रोपाच्या पायाशी तापलेले गोटे ठेवणारा माणूस! माझ्या पोरीले काय गारवा देईन वं तो?”

मनीषनगरातल्या त्या अंगणात वांगी, टमाटे आणि चंपतरावांचा अभिमान, तिन्ही पिकं जोमात होती. त्यातलं तिसरं जुनं. सासरे गोपाळराव यांनी जिजाबाईंचा हात देताना हाच सवाल घातला होता. आधीचे चार जण आपटले, पाचवे चंपतराव पहिल्या झटक्यात पास. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. ही गोष्ट पाहुण्यांना त्याहून किती तरी जास्त वेळा ऐकवून झाली होती.

मिनल मात्र एकाही नकारानं हिरमुसली नाही. स्थळ दारात आलं की हातपाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन नळापाशी तीच जायची. “पाहा, कशी वळणाची पोर आहे,” चंपतराव म्हणायचे.

चौथा आला दुर्गेश. कामठीचा, राहायला तिसऱ्या मजल्यावर, मिनलच्याच ऑफिसातला. नखं इतकी स्वच्छ की घरातली तुळससुद्धा प्लास्टिकची असावी. त्या दिवशी मिनलनं दोनदा ओढणी बदलली आणि तांब्या घेऊन गेली ती बराच वेळ आली नाही.

सवाल झाला. दुर्गेश पाठ केलेल्या पाढ्यासारखा सुटला, “सोयाबीनचं कुटार, मळणीनंतर उरलेलं सुकं भुसकट! आधी वाफा भिजवायचा, मग तीन बोटं थर. खोडापासून चार बोटं दूर, नाही तर बुड कुजते.”

चंपतरावांनी चष्म्याला हातही लावला नाही. थेट साखर मागवली.

मिनल-दुर्गेशच्या साक्षगंधाला पियुषही आला. चौथी जिलबी उचलता उचलता म्हणाला, “काका, तुम्हाले संगमरवर लय आवडते ना? मिनलनंच तर सांगितलं होतं मले नळापाशी. मग नकार काहून दिला गा?”

चंपतराव ताडताड स्वयंपाकघरात शिरले. “ऐकलं का वं? तुझ्या पोरीनं तिघांलेही पाण्यासोबत चुकीचं उत्तर पाजलं! अरे, ज्या सवालात चौघं पडले आणि मी एकटा टिकलो, त्या सवालाची काही इज्जत?”

जिजाबाईंनी कढईतली कोथिंबिरीची सांबारवडी शांतपणे उलटली.

“त्या चौघांचे तांबे मीच नेले होते,” त्या म्हणाल्या. “चौघांले चार चुकीची उत्तरं सांगितली. तुम्हाले पाहिलं, अन् नुसतं पाणी दिलं.”