अर्थ सांगणारी

स्टेजच्या पायरीवर पाय ठेवताना ग्रेसीला तिसऱ्या रांगेत बेटी दिसली. तिची थोरली बहीण. तीस वर्षांत जिनं तिचं तोंड पाहिलं नव्हतं, ती.

"मीच बोलावलं मावशीला," गिटार सावरत जॉयल म्हणाला. "वर्धापनदिनाला प्रत्येकानं एक नवीन माणूस आणायचं असतं ना, मम्मी?"

"दुसरं कोणी मिळालं नाही तुला?" ग्रेसी लेकावर करवादली.

समोर दीड हजार माणसं. भिंतीवर त्या परदेशी जोडप्याचा फोटो. विरारच्या एका खोलीत, चटईवर, अकरा जणांना घेऊन त्यांनी ही प्रार्थनेची मंडळी सुरू केली. त्या अकरांतली ग्रेसी एक. शांतारामशी कोर्टात लग्न केलं म्हणून निर्मळ गावातलं माहेर तिला तुटलेलं. आई गेल्याचं कळलं, तेही माती झाल्यावर. त्याच संध्याकाळी शेजारचा जयवंत तिला प्रार्थनेला घेऊन गेला. तिथं गुडघे टेकले आणि ती कादोडीत, आपल्या घरच्या बोलीत, आईला विनवत सुटली. आई, चुकले, माफ कर, एकदा हाक मार. त्या जोडप्यातल्या साहेबाला मराठीच येत नव्हतं. त्याचं बोलणं मराठीत सांगणारा जयवंत साताऱ्याचा, त्याला ओ की ठो कळलं नाही. साहेबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाईला पवित्र आत्म्यानं अन्य भाषा, माणसाला न कळणारी देवाची भाषा दिली, असं ठरलं. पुढच्या रविवारी खोलीत चाळीस माणसं होती.

आधी ती लाजेनं गप्प राहिली, मग भीतीनं. दर वर्धापनदिनाला पहिली प्रार्थना तिची. दरवर्षी ती तेच बोलायची. अन्य भाषेचा अर्थ सांगायला कोणाला तरी उठावं लागतं, ही मंडळीची रीत. कोणीतरी उठायचंच. एकदा अर्थ निघाला, नालासोपाऱ्यात शाखा काढा. एकदा निघाला, मोठा हॉल घ्या. शाखाही निघाली, हॉलही झाला. माणसं वाढली, सगळी बाहेरगावची. कादोडी कळणारं त्यात एकही नव्हतं. जॉयललाही तिनं ती शिकवली नव्हती.

माईक हातात आला. आज दुसरं काहीतरी बोलायचं, असं ठरवून तिनं तोंड उघडलं. निघालं तेच. डोळे मिटूनच तिनं ते संपवलं.

"अर्थ कोणाला मिळाला?" पास्टर संग्रामनं विचारलं.

तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकली.

"तो माईक आणा इकडे," बेटी म्हणाली.

ग्रेसीनं डोळे उघडले. खोली, शाखा, हॉल, सगळं आता या बाईच्या एका वाक्यात खाली येणार होतं. आणि पोरगा बघत होता.

बेटीनं पास्टरकडे पाहिलंच नाही. सरळ बहिणीकडे बघत ती कादोडीत बोलली, बाजारात भावावरून सुनवावं तशी, भराभर. मग मधेच आवाज फाटला. हॉलभर हात वर गेले.

"हालेलूया," पास्टर डोळे पुसत म्हणाला. "या मावशींनाही भाषा मिळाली."

दीड हजारांत ते एकट्या ग्रेसीला कळलं.

"आईनं तुला लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात माफ केलं होतं. निरोप माझ्याजवळ दिला होता. मी आणला नाही."